दम किती आहे, ते फुंकल्यावर कळतं



आपल्या एका जुन्या सभासदाने यंदा होडी मुलाच्या हाती दिली. जाळं ओढताना धाप लागायची, काठावर आलं की दहा मिनिटं बसून राहायचे. विचारलं की एकच उत्तर, "वय झालं आता." वय किती? बावन्न. शेवटी मुलानं बळंच दवाखान्यात नेलं. तिथं नळीत फुंकायला लावलं आणि कळलं, दोष वयाचा नाही, श्वासनळ्या आकसल्यात. ही तपासणी पाच-सात वर्षं आधी झाली असती तर बरं झालं असतं, असं आता घरचे म्हणतात. म्हणून आज तिच्याबद्दल लिहितोय.

आधी एक गैरसमज काढू. आपल्यात बुडी मारणारे बरेच आहेत. "तळाला अडकलेलं जाळं मी एका दमात सोडवतो, माझ्या छातीला काय झालंय?" असं ते म्हणतात. पण बुडी मारताना आपण हवा आत धरून ठेवतो. ही तपासणी उलटं बघते: भरलेली हवा किती झपाट्यानं बाहेर पडते. टाकी भरलेली असली तरी नळीत गाळ असेल तर पाणी बारीकच येणार. तसंच छातीचं. जुनी हवा लवकर निघत नाही, मग नवी घ्यायला जागा उरत नाही आणि धाप लागते.

तपासणीचं नाव स्पायरोमेट्री. दवाखान्यात 'पीएफटी' असंही म्हणतात. सुई नाही, रक्त काढणं नाही. वय, उंची, स्त्री की पुरुष हे आधी मशीनमध्ये टाकतात, कारण उंच माणसाच्या छातीत हवा जास्त मावते. नाकाला चिमटा लावतात. छाती पूर्ण भरून श्वास घ्यायचा, ओठ नळीवर घट्ट दाबायचे आणि एकदम जोरात फुंकायचं. 'थांबा' म्हणेपर्यंत, म्हणजे सहा सेकंद किंवा जास्तच, फुंकत राहायचं. असं निदान तीन वेळा नीट जमावं लागतं. लाजून हळू फुंकलं किंवा ओठाच्या कडेनं हवा सुटली तर आकडा खोटा येतो. तिथं संकोच करू नका.

आता आकडे कसे वाचायचे ते बघा. एका दमात बाहेर पडलेली सगळी हवा म्हणजे 'एफव्हीसी'. त्यातली पहिल्या एका सेकंदात निघालेली म्हणजे 'एफईव्ही वन'. समजा एकानं 4 लिटर फुंकली आणि पहिल्या सेकंदात 3.2 लिटर निघाली, तर ते 80 टक्के झाले. दुसऱ्यानं 3 लिटर फुंकली, पण पहिल्या सेकंदात दीडच निघाली, तर 50 टक्के. मग पंपानं औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. आकडा बराच सुधारला तर दमा असू शकतो. औषधानंतरही 70 टक्क्यांच्या खालीच राहिला तर डॉक्टरांना 'सीओपीडी'चा संशय येतो. नक्की काय ते डॉक्टरच सांगणार.

हे मशीन काही नवं नाही. लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरांनी 1846 मध्ये त्याची माहिती छापली. त्यांनी दोन हजारांहून जास्त लोकांना फुंकायला लावलं होतं. त्यात जहाजांवरचे खलाशी होते, थेम्स नदीवरचे पोलीसही होते. म्हणजे पाण्यावरच्या माणसांचा दम तेव्हापासून मोजला जातोय.

आपल्या भागाला याची गरज जास्त आहे. निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव. घरातला गडी नदीवर, बाई वखारीत नाहीतर विड्या वळायला. वखारीतली धूळ, घरात चुलीचा धूर आणि पहाटे होडीवर विडी. विडी विझू नये म्हणून झुरका जोरात ओढावा लागतो, त्यामुळे ती सिगारेटपेक्षा सौम्य आहे असं समजू नका. आणि ज्या बाईनं आयुष्यात विडी ओढली नाही, तिलाही चुलीच्या धुरानं हाच आजार होतो. तिच्या धापेलाही "वय झालं" म्हणू नका.

जाण्याआधी एवढं लक्षात ठेवा:

• खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर आधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. टीबीची तपासणी आणि औषध तिथं फुकट मिळतं.
• तासभर आधी विडी नको, भरपेट जेवण नको, कमरेचा पट्टा सैल ठेवा.
• नुकताच हार्ट अटॅक आला असेल, डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, खोकल्यातून रक्त पडत असेल, तर आधीच सांगा.
• पंप घेत असाल तर तो तपासणीआधी किती तास बंद ठेवायचा ते डॉक्टरांना विचारा. मनानं बंद करू नका.
• बेळगाव किंवा कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात छातीच्या विभागात चौकशी करा. दिवस आणि वेळ विचारूनच निघा, एक दिवसाची मासेमारी वाया जायला नको.

सीओपीडीनं गेलेला दम पुरता परत येत नाही. पण विडी सुटली तर पुढची घसरण मंदावते, आणि औषधानं रोजचं काम सोपं होतं. ते जुने सभासद आता विडीला हात लावत नाहीत. जाळं ओढत नाहीत, पण सकाळी काठावर येऊन मासे निवडायला बसतात.

चाळिशी ओलांडलेल्या, जिना चढताना थांबणाऱ्या, सकाळी खोकणाऱ्या प्रत्येकानं एकदा फुंकून बघावं. होडी पाण्यात सोडण्याआधी आपण तळ तपासतोच की. तसं छातीचंही तपासू.

पोस्ट आपल्या घरच्या ग्रुपवर पाठवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.