आधी वायर

संपादकांनी पाठवलं होतं जुने कॉम्प्युटर चालते ठेवणाऱ्या माणसांवर लिहायला. पेठेतल्या एका बोळात एका पायरीचं दुकान असलेल्या दादांबरोबर चार घरं फिरायची, असं ठरलं होतं. मी पहिल्याच घरात अडकले आणि दुपारभर तिथेच बसले.

सदाशिव पेठेतलं दोन खोल्यांचं घर. काकूंनी तिथे वीस वर्षांहून जास्त काळ डीटीपीचं काम केलं. दिवाळी अंक, स्मरणिका, पदरमोड करून छापलेले कवितासंग्रह. खिडकीखाली विंडोज ९८ चं मशीन, कपाटाजवळ एक्सपीचं. मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचं लॉक पहिल्याच्या प्रिंटर पोर्टमध्ये बसलेलं. ते काढलं की सॉफ्टवेअर उघडत नाही, म्हणून काकूंनी ते मशीन कधी टाकलं नाही. सगळी पानं पेजमेकरमधली. त्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ ची, पुढे पेजमेकर निघालाच नाही. ही पानं दुसऱ्या मशीनवर न्यायची, एवढंच काम.

पेन ड्राइव्ह लावून पाहिला होता. विंडोज ९८ त्याला आपणहून ओळखत नाही, वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो आणि तो आता मिळता मिळत नाही. फ्लॉपीत मावतात १.४४ एमबी, पानं जवळपास तीन जीबी. दोन हजारांवर फ्लॉप्या झाल्या असत्या! डिस्कच काढून का नेत नाही, असं मी विचारलं. दादा म्हणाले, "जुनी डिस्क फिरतेय तोवर जागची हलवायची नाही. तो उपाय सगळ्यात शेवटी." मग उरलं नेटवर्क. दोन्ही मशीनना त्याचं कार्ड आहे.

काकूंच्या भाच्याने बाजारातून केबल आणून जोडली होती, पण कार्डावरचा हिरवा दिवा लागत नव्हता. दोन्ही मशीनच्या सेटिंगमध्ये दोन रविवार गेले होते. दादांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. केबलची दोन्ही टोकं शेजारी धरून तारांचे रंग पाहिले आणि म्हणाले, "आधी वायर."

१९७३ साली अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो अल्टोमधल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथरनेटची कल्पना मांडली. तेव्हा सगळी मशीन एकाच जाड केबलवर टांगलेली असत. पीळ दिलेल्या तारांच्या जोड्यांवर चालणारं, आपल्या ओळखीचं इथरनेट प्रमाणित झालं १९९० मध्ये. या केबलमध्ये आठ तारा असतात, पण जुनी कार्डं त्यातल्या चारच वापरतात: १ आणि २ वर बोलायचं, ३ आणि ६ वर ऐकायचं. मध्ये हब असेल तर ही अदलाबदल हब करतो. दोन मशीन थेट जोडली आणि केबल सरळ असली, तर एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडाशीच येतं. नवी कार्डं हे ओळखून स्वतःच फिरवून घेतात. काकूंच्या मशीनमधली कार्डं त्याआधीची होती.

दादांनी एक टोक छाटलं. वरचं आवरण बोटभर सोललं, जोड्यांचे पीळ उलगडले, अंगठ्याने तारा सपाट केल्या. या टोकाला केशरी होत्या तिथे हिरव्या, हिरव्या होत्या तिथे केशरी. निळ्या नि तपकिरी जागच्या जागी. तारा एका रेषेत कापून प्लगमध्ये सरकवल्या, समोरून आठही टोकं दिसतात का ते उजेडात धरून पाहिलं आणि क्रिंपिंग टूल दाबलं. आठ सोनेरी दात तारांत रुतले. पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडायचा नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. पीळ असतो म्हणून बाहेरचा गोंधळ दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि वजा होऊन जातो. एवढ्या साध्या युक्तीवर सारी मदार आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

केबल लावली. हिरवा दिवा लागला. काकूंनी हात जोडले. दादा खुर्ची ओढून बसले, कारण त्यांचं खरं काम इथून सुरू होतं.

पाहिलं तर दोन्ही मशीननी १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते घेतलेले. पत्ता देणारं कुणी भेटलं नाही की विंडोज आपल्या मनाने असा पत्ता घेते. दादांनी हाताने पत्ते घातले, एकाला १९२.१६८.०.१, दुसऱ्याला १९२.१६८.०.२. एक्सपीवरून ९८ ला पिंग केलं, चारही उत्तरं आली. उलट दिशेने केलं, एकही नाही. मी म्हटलं, वायर पुन्हा बिघडली का? दादांनी मान हलवली. प्रश्न जायला आणि उत्तर यायला दोन्ही रस्ते लागतात. एका बाजूने पिंग पुरं झालं म्हणजे वायरही खरी नि पत्तेही खरे. आता अडवतंय ते सॉफ्टवेअर. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून एक्सपीची फायरवॉल मुळातच चालू असते. फाइल शेअरिंगला तिच्यातून वाट दिली आणि पिंग आलं.

एक्सपीवर 'जुनी' नावाचं फोल्डर शेअर केलं. नाव मुद्दाम छोटं, बारा अक्षरांहून लांब असेल तर ९८ ला ते दिसत नाही. वर्कग्रुपचं नाव दोन्हीकडे एकच केलं. तरी ९८ चं नेटवर्क नेबरहुड रिकामंच. यादी तयार व्हायला दहा-पंधरा मिनिटंही लागतात, म्हणून चहा झाला. चहा संपला तरी यादी कोरी.

मग दादांनी विचारलं, "काकू, मशीन चालू करताना नाव-पासवर्डाची चौकट येते, तिथे काय करता?"

"काही नाही रे, एस्केप दाबते. पहिल्यापासून तसंच करते."

एस्केप दाबलं की ९८ आत येऊ देतं, सगळी कामं करू देतं, पण नेटवर्कवर पाऊल टाकू देत नाही. इतक्या वर्षांत नेटवर्क लागलंच नव्हतं, तर कळणार कसं? पासवर्ड कुणालाच आठवेना. दादांनी त्या नावाची पासवर्ड साठवणारी पीडब्ल्यूएल फाइल बाजूला ठेवून नवा पासवर्ड घातला. या वेळी यादीत एक्सपी दिसलं. उघडायला गेल्यावर त्याने आयपीसी नावाच्या कसल्याशा गोष्टीचा पासवर्ड मागितला. असा पासवर्ड कुणी ठेवलेलाच नसतो. एक्सपी या नावाच्या माणसाला ओळखत नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक्सपीवर त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं खातं काढलं आणि फोल्डर उघडलं.

साडेचार वाजले होते. ९८ चं कार्ड दहा मेगाबिटचं, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक एमबी. तासभर तरी लागणार. दादांनी आधी फॉन्टचं फोल्डर पाठवलं. युनिकोडआधीच्या या फाइलींमध्ये मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असतात. नेमका तो फॉन्ट नसेल तर संपादकीयाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा उघडतो. मग एकेक वर्ष. कुठलं वर्ष आधी, हे त्यांनी काकूंना विचारून घेतलं. काकू म्हणाल्या, "नव्याण्णव."

नव्याण्णवच्या सातव्या फाइलवर खिडकीखालून टक्-टक् आवाज आला आणि कॉपी थांबली. फाइल वाचता येत नाही, असा संदेश. दादांनी कार्डाकडे वाकून पाहिलं, हिरवा दिवा लागलेला होता. "वायर ठीक आहे," ते हळू म्हणाले, "डिस्क जातेय." खिशातली वही काढून त्यांनी त्या फाइलचं नाव लिहिलं, ती वगळून आठवीपासून पुढे कॉपी सुरू केली आणि काकूंना पंखा मशीनकडे वळवायला सांगितला.