थंडीचे बूट : एक खुलासा व काही माहिती

आपल्या रुग्णालयाच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून कुबड्या, वॉकर, चाकाची खुर्ची, पाण्याची गादी इत्यादी साहित्य अनामत रकमेवर घरी वापरण्यास दिले जाते, हे आपणांस ज्ञात आहेच. तीन वर्षांपूर्वी या साहित्यात एका अनपेक्षित वस्तूची भर पडली. परदेशातून कायमच्या परतलेल्या एका हितचिंतक कुटुंबाने बर्फात वापरावयाचे ऊबदार अस्तराचे सहा जोड बूट केंद्रास भेट दिले. आमच्या अनेक रुग्णांची मुले अमेरिका व कॅनडा येथे स्थायिक आहेत. आई-वडिलांचे तिकडे जाणे-येणे सुरू असते. दीड-दोन महिन्यांच्या मुक्कामासाठी महागडे बूट घेण्यापेक्षा केंद्रातून न्यावेत, या सद्हेतूने आम्ही नोंदवहीत नवे पान उघडले.

गतवर्षी डिसेंबरमध्ये एका सेवानिवृत्त शिक्षकांनी त्यांतील एक जोड नेला. त्यांना पंधरा वर्षांहून अधिक काळ मधुमेह आहे. बुटाचा नंबर त्यांच्या पायाच्या नंबराशी तंतोतंत जुळत होता. तेवढे पाहून आम्ही पावती केली. तिकडे कडाक्याची थंडी, म्हणून काळजीपोटी घरच्यांनी त्यांना लोकरी मोज्यांचे दोन जोड एकावर एक घालावयास लावले. गुरुजींना पायात काहीही टोचले नाही, दुखले नाही. मोज्यावरील डाग प्रथम सूनबाईंच्या दृष्टीस पडला तेव्हा जखम आठवडाभराची असावी. मायदेशी परतल्यावर ते आमच्याच रुग्णालयात दाखल झाले. पाय वाचला, परंतु डाव्या पायाचे एक बोट काढावे लागले.

ते बूट आम्ही दिले होते. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत हा विषय आम्ही स्वतः मांडला आणि तो अहवालातही यावा असे ठरले. गुरुजींनीही त्यास आनंदाने संमती दिली. प्रस्तुत लेखन करणारे आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. म्हणून यातील वैद्यकीय मजकूर आमच्या डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे.

थंडीत प्रथम पायच का गारठतात? शरीरास हृदय, मेंदू आदी अवयवांचे तापमान राखणे अधिक महत्त्वाचे असते. बाहेर थंडी वाढू लागली की हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि तेथे जाणारे उष्ण रक्त कमी होते. त्यामुळे डोक्यास टोपी व अंगात पुरेसे गरम कपडे नसतील तर कितीही उत्तम बूट घालून उपयोग होत नाही. बूट स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. आमच्या हिशेबी भाषेत सांगावयाचे तर बूट हा उत्पन्नाचा स्रोत नव्हे. तो केवळ खर्चावरील नियंत्रण होय. उत्पन्न रक्ताभिसरणातूनच यावयाचे. तंबाखू व धूम्रपानाने रक्तवाहिन्या अधिकच आकुंचित होतात, आणि रक्तदाबावरील काही औषधांनीही पाय थंड पडू शकतात. प्रवासापूर्वी डॉक्टरांना भेटावे ते यासाठीही.

हे नियंत्रण साधते ते अस्तरातील हवा. लोकर, नमदा किंवा कृत्रिम तंतू यांच्यामध्ये अडकलेली स्थिर हवा उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. बूट घट्ट झाला की अस्तर दबते, हवा निघून जाते आणि पायाचे रक्ताभिसरणही अडते. म्हणजे मापाच्या बुटात मोज्यांचा दुसरा जोड कोंबल्यास पाय अधिक उबदार न होता अधिक थंड होतो. गुरुजींच्या बाबतीत नेमके हेच घडले; संवेदना कमी असल्याने घर्षणही कळले नाही. यास्तव बूट घेताना जे मोजे वापरावयाचे तेच घालून, शक्यतो सायंकाळी, दिवसभरात पाय किंचित सुजलेले असताना माप घ्यावे. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी व बोटे आत सुखाने हलवता यावीत. टाच मात्र उचलली जाऊ नये.

दुसरा शत्रू ओलावा. पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. बर्फ बाहेरून भिजवतो हे सर्वांस ठाऊक असते. घाम आतून भिजवतो हे विसरले जाते. १९५० च्या हिवाळ्यात कोरियातील युद्धात अमेरिकन सैनिकांना तळाशी रबर व वर चामडे असे बूट दिले होते. चालताना पायास घाम येई, सैनिक थांबले की तो आतच गोठे, आणि असंख्य जवानांच्या पायांना हिमदंश झाला. त्यानंतर अस्तर रबराच्या दोन थरांत बंदिस्त केलेले बूट सैन्यात आले, जेणेकरून घाम अस्तरापर्यंत पोहोचूच नये. सर्वसामान्य प्रवाशाने बाहेर काढता येणाऱ्या अस्तराचा बूट पाहावा. रात्री अस्तर काढून वाळवता येते. सुती मोजे टाळावेत, कारण सूत घाम शोषून ओले राहते. लोकर दमट झाली तरी बरीच ऊब टिकवते. मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत असू द्यावा.

विक्रेते २००, ४००, ८०० ग्रॅम असे आकडे सांगतात. हे बुटाचे वजन नव्हे. अस्तराच्या कापडाचे एका चौरस मीटरमागील वजन होय. सतत चालणाऱ्यास २०० पुरते. बसथांब्यावर उभे राहणाऱ्या ज्येष्ठास अधिक लागते. उणे ३० अंशांपर्यंत चालेल अशी चिठ्ठी बुटावर असली तरी तीवर विसंबू नये, कारण तो आकडा धडधाकट, हालचाल करणाऱ्या माणसास गृहीत धरतो. तळ जाड असणे तितकेच आवश्यक, कारण जमिनीवरील बर्फ तळाशी थेट भिडलेला असतो. तळाची पकडही पाहावी. थंडीच्या देशात ज्येष्ठ नागरिकांना हिमदंशाइतकेच भय घसरून पडण्याचे असते. सह्याद्रीत चालणारे ट्रेकिंगचे बूट बहुधा बिनअस्तराचे असतात, ते विनिपेगच्या जानेवारीत चालत नाहीत. असे बूट तेथे पोहोचल्यावरच घ्यावेत, आपल्याकडे निवड फारच मर्यादित असते.

आपल्या तरुण वाचकांपैकी काही जण लडाखमध्ये झंस्कार नदीच्या गोठलेल्या पात्रावरून चालण्यास जातात. तेथे लेहच्या बाजारातील साधे गमबूट व आत जाड लोकरी मोजे अशी पद्धत आहे. रबर पाणी अडवते, ऊब देत नाही. चालता-चालता ते ठीक, मुक्कामी पोहोचताच कोरडे मोजे व दुसरे बूट घालावेत.

मधुमेही रुग्णांसाठी मात्र निराळे नियम आहेत. बधिर पायास गरम पाण्याची पिशवी, शेगडी, विजेचा हीटर अथवा बुटात ठेवावयाच्या उष्णतेच्या पुड्या कदापि लावू नयेत. भाजलेले कळतच नाही. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा. नवा बूट पहिल्या दिवशी तासाभरापेक्षा अधिक घालू नये आणि काढल्यावर तळवा, टाच व बोटांमधील जागा आरशाने किंवा घरच्यांकडून तपासून घ्यावी. लाल डाग दिसल्यास तो बूट बाजूला ठेवावा.

बोट पांढरे, कडक व बधिर झाल्यास ते चोळू नये, बर्फाने तर नाहीच. पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल अशा ठिकाणी पोहोचल्यावर ३७ ते ३९ अंश सेल्सिअस पाण्यात बुडवावे. पाण्याची उष्णता तापमापकाने किंवा निरोग्याच्या कोपराने पाहावी, रुग्णाच्या पायाने नव्हे. त्यानंतर विनाविलंब रुग्णालय गाठावे.

साहित्य केंद्रातून वापरलेले बूट देणे आम्ही बंद केले आहे. एकाच्या पायाने दबलेले अस्तर व तळवा दुसऱ्याच्या पायास बाधक ठरू शकतो, ही साधी बाब आमच्या लक्षात यावयास हवी होती. त्याऐवजी शीतप्रदेशी जाणाऱ्या मधुमेही रुग्णांच्या पायांची संवेदना तपासण्याची सोय बाह्यरुग्ण विभागात दर गुरुवारी सकाळी विनामूल्य ठेवली आहे. प्रवासापूर्वी निदान एक महिना अगोदर यावे, म्हणजे आवश्यक वाटल्यास बुटात घालावयाचा मऊ तळवा मापाने करून देता येतो. गुरुजींची अनामत रक्कम परत केली आहे. त्यांनी ती केंद्राच्या खात्यावर पुन्हा जमा केली. उरलेल्या पाच जोडांपैकी एक मधोमध कापून पाय-तपासणी कक्षातील टेबलावर ठेवला आहे. अस्तर कोठे दबते ते त्यात बोट घालून पाहता येते.