दहाचाच बोल्ट, तरी बसत का नाही?

आज विषय नट-बोल्टचा. कोड लिहिणारा माणूस आट्यांवर का बोलतोय? कारण बाइकच्या पुढच्या ब्रेक कॅलिपरचा एक बोल्ट हरवला. मी दुकानातून 'दहाचा बोल्ट' आणला. हाताने दोन फेरे गेला, मग अडला. गंज असेल म्हणून पाना लावून रेटला. गंज वगैरे काही नव्हता. फोर्कच्या अ‍ॅल्युमिनियममधले आटे सोलून निघाले!

झालं काय, तर एम 10 म्हणजे फक्त बाहेरचा व्यास, 10 मिमी. दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, वेगळं असतं. दुकानात 'दहाचा' म्हटलं की साधारण 1.5 मिमी पिचचा मिळतो. माझ्या फोर्कमध्ये 1.25 चे आटे होते. दर फेऱ्याला पाव मिलिमीटरचा फरक. चार फेऱ्यांत पूर्ण एक मिलिमीटर. जुना दुकानदार 'तीन सुती' बोल्टही देईल. तो 3/8 इंच, म्हणजे साडेनऊ मिमी. दिसायला भाऊच, पण व्हिटवर्थ आट्यांचा कोन 55 अंश आणि मेट्रिकचा 60! आणि पान्याच्या नंबरवर तर जाऊच नका, तो डोक्याचा असतो. एम 8 ला 12 चा किंवा 13 चा पाना लागतो.

पिच मोजायला गेज नसेल तर पट्टी चालते. एका आट्याच्या टोकापासून पुढचे दहा मोजा. 12.5 मिमी भरले तर 1.25, आणि 15 भरले तर 1.5.

मग डाय मारून 1.5 चा 1.25 करता येईल का? मीही हेच विचारलं होतं. नाही येत. जुन्या खाचा तशाच राहतात, नव्या त्यांना छेदत जातात आणि दोन्ही कच्चे. जुने आटे पूर्ण काढायचे तर लेथवर बोल्ट 8 मिमीपर्यंत उतरवावा लागतो, मग तो एम 8 झाला. तयार बोल्टवर डाय मारायची ती दबलेले आटे साफ करायला. ब्रेकच्या बोल्टवर तर हे प्रयोग नकोच. डोक्यावर 8.8 किंवा 10.9 लिहिलेला, बरोबर पिचचा नवीनच घ्या.

भोकाचं मात्र करता येतं. नव्या भोकाला ड्रिलचा हिशोब सोपा: व्यास वजा पिच. एम 8, पिच 1.25, तर 6.75, बाजारात 6.8 चं बिट मिळतं. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल लावून. घाई केली की टॅप आत तुटतो, आणि तो काढणं म्हणजे वेगळाच एपिसोड.

माझ्या फोर्कला हेलिकॉइल बसवली. भोक मोठं करून, खास टॅप मारून, स्टेनलेस तारेची स्प्रिंग आत फिरवतात. आतून परत एम 10, 1.25. अ‍ॅल्युमिनियममध्ये ही बऱ्याचदा मूळ आट्यांपेक्षा पक्की बसते. काम ज्याने केलं त्याने बोल्ट आधी उलटा फिरवला, 'टक्' असं जाणवलं, मग सुलट. शेवटपर्यंत नुसत्या बोटांनी गेला.