इयत्ता पाचवी, वाचन दुसरीचे

पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नसेल, तर पाचवीचेच पुस्तक पुन्हा पुन्हा पुढे ठेवून काय होणार? म्हणून 'प्रथम' संस्थेची रीत मला पटते. आधी प्रत्येकाकडून वाचून घ्यायचे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. त्यावरून त्याचा गट. मग रोज थोडा वेळ तिसरी ते पाचवीची मुले इयत्ता विसरून गटांत बसतात. अक्षरगटाला बाराखडीचा तक्ता, गोष्टगटाला पुस्तक. शब्द जमले की मूल पुढच्या गटात. हे सरकणे थांबले, तर तो 'ढ' मुलांचा बाकच. आणि तो आपल्याकडे पूर्वीपासून आहेच!

मुंबई-वडोदऱ्यात २००१ ते २००३ मध्ये वस्तीतल्याच तरुणी 'बालसखी' झाल्या. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना त्या शाळेच्या वेळातच दोन तास वेगळे शिकवत. सर्वाधिक प्रगती सर्वांत मागच्या मुलांची झाली.