धनुर्धराचा दुखरा खांदा
कर्जतजवळच्या रेहेकुरीत काळवीट कितीही जवळून गेले, तरी धनुष्य उचलायचे नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार बंद केली, हे उत्तमच झाले. अहिल्यानगर जिल्ह्यात बाण सोडायचा तो कागदी लक्ष्यावर. खांदा मात्र तेवढाच झिजतो.

दंडाच्या हाडाचा गोळा खांद्याच्या खोबणीत धरून ठेवतात त्या चार स्नायूंच्या कंडरा. त्यांतली वरची अरुंद फटीतून जाते. ऑलिंपिक पातळीवर पुरुषांच्या रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या) धनुष्याची ओढ साधारण २० किलोंच्या वर. सरावात ती शेकडो वेळा घेताना खांदा कानाकडे उचलला गेला, की कंडरा चेपते. तिचा रक्तपुरवठा बेताचा, म्हणून दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते. त्या कुशीवर झोपताना कळ येते, ही नेहमीची खूण.

नुसती विश्रांती पुरत नाही. कमी ओढीचे धनुष्य, रबरी पट्ट्यांचे व्यायाम आणि पाठीच्या स्नायूंनी ओढण्याची सवय हवी. धनुष्याच्या प्रकारानेही भार बदलतो. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले ते कंपाउंड धनुष्यावर. त्याच्या चाकांमुळे दोरी पूर्ण ताणल्यावर हातावर जेमतेम चतुर्थांश भार उरतो. सुरुवातीची ओढ मात्र टळत नाही. हात वर उचलेनासा झाला, तर मालिशवाल्याकडे नव्हे, अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा.