समक्ष काढलेले पुणे

सवाई माधवरावांच्या दरबारात इंग्रजांचा वकील सर चार्ल्स मॅलेट टिपूविरुद्धचा तह पुरा करीत आहे, या 1790 सालच्या प्रसंगाचे टॉमस डॅनियल याने रंगविलेले भव्य तैलचित्र आज इंग्लंडमधील टेट संग्रहात असून, उत्तर पेशवाईचे ऐश्वर्य डोळ्यांसमोर उभे करावयाचे झाले म्हणजे आपण सहसा त्याच्याकडेच धाव घेतो. ते चित्र 1805 साली पुरे झाले. त्याला आधारभूत असलेली व्यक्तिचित्रे जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची. परंतु वेल्स मुंबईस उतरला तोच मुळी 1791 साली, म्हणजे तह होऊन गेल्यानंतर, आणि डॅनियल तर त्या दरबारी हजर नव्हताच. नाना फडणीसांची मुद्रा खरी, पोशाख खरे, मात्र तो क्षण लंडनमध्ये जुळवून बसविलेला! दरबारचित्रांची रीतच तशी असल्यामुळे डॅनियलला दोष देण्याचे कारण नाही.

त्याच 1790 च्या नोव्हेंबरात पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे एक चित्र पुण्यात तयार झाले. काढणाऱ्याचे नाव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. चित्राच्या शीर्षकात स्थळही आहे आणि महिना-सालही. हे चित्र आता अमेरिकेत, न्यू हेवन येथे येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहे. सोळा वर्षांच्या पेशव्यांना जनावरांचा किती नाद होता हे बखरी वाचणाऱ्यास सांगावयास नको; पण गेंडा हा दख्खनच्या रानातला प्राणी नव्हे, आणि ज्याच्या रूपाची पूर्वीची कोणतीही ठरीव आकृती हाताशी नाही असे जनावर कागदावर उतरविताना चित्रकाराला आपल्या डोळ्यांखेरीज दुसरा गुरू उरत नाही. गंगाराम हा वेल्सच्या हाताखाली तयार झालेला शिष्य, असे जे सरधोपट सांगितले जाते, त्याला ही एक तारीखच पुरेसे उत्तर आहे. वेल्स पुण्यास येण्यापूर्वीच हा मनुष्य मॅलेटच्या चाकरीत जागेवर बसून चित्रे काढीत होता. वेल्सच्या सहवासात त्याच्या हाताला पुढे वळण लागले असेल, तो भाग निराळा.

मॅलेट 1786 साली पुण्यास आला आणि मुळामुठेच्या संगमावर त्याने आपले ठाणे मांडले. दरबारची खडान्‌खडा बातमी मुंबई-कलकत्त्यास धाडणे हे त्याचे सरकारी काम. लेणी, झाडे, जनावरे आणि लोकांचे रीतिरिवाज यांविषयीचे कुतूहल ही त्याची खासगी हौस. या दोहोंची सीमा नेहमीच स्पष्ट असे असे मला वाटत नाही, कारण ज्या मुलखावर नजर आहे त्याचे चित्र संग्रही असणे कोणत्याही मुत्सद्द्याला सोयीचेच असते. परंतु धनी कोणत्याही हेतूने पैसे मोजीत असो, कागदासमोर बसलेला गंगाराम हा पुण्याचाच रहिवासी होता, आणि जे दृश्य मॅलेटला नवलाचे वाटे ते त्याच्या नित्य परिचयाचे होते.

त्याने काढलेली आखाड्यातील मल्लांची चित्रे पाहताना हा परिचय विशेष जाणवतो. व्यायाम करणाऱ्या माणसाचे समक्ष चित्र काढणे हे काम दिसते तितके सोपे नाही. जोर काढताना शरीर छातीच्या अंगाने खाली जाते, पुढे सरकते आणि पाठीची कमान करून वर येते, या सगळ्याला लागतो एक श्वास. मल्लाला मध्येच थांबावयास सांगितले तर स्नायूंचा ताण ढिला पडून चित्र खोटे होते. तोड एकच, आणि ती आजही चौकात वही उघडून बसणाऱ्या प्रत्येक रेखाटनकाराला ठाऊक असते: तीच हालचाल पुन्हा येणार आहे हे ओळखून तिची वाट पाहावयाची, एका फेरीत पाठीची रेषा घ्यावयाची, दुसरीत खांदा, तिसरीत टाचेवर पडलेला भार. शिसपेन्सिलीने आधी ही घडण बांधून घेतली म्हणजे जलरंग मागाहून सावकाश भरता येतो. कोणती अवस्था निवडली असता सबंध व्यायाम कळेल, हे मात्र आखाड्याची ओळख असल्याखेरीज साधत नाही.

वेरूळच्या लेण्यांतही त्याने काम केले. पुढे 1795 साली वेल्स वारला आणि त्याच्या रेखाटनांवरून डॅनियलने 1803 साली लंडनमध्ये वेरूळचे चोवीस चित्रांचे देखणे पुस्तक काढले. त्यामुळे युरोपात जी कीर्ती झाली ती त्या दोघांची.

माझ्या मते गंगारामच्या कामाचा खरा कळस म्हणजे दक्षिणेच्या वेळच्या पर्वतीचे दृश्य. श्रावणात देशोदेशीचे ब्राह्मण हजारोंनी पुण्यास लोटत, पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात त्यांना आत घेत, आणि एकाने दोनदा हात पसरू नये म्हणून दक्षिणा हाती ठेवूनच एकेकास दरवाजाबाहेर सोडीत. मुलखाचा पैसा कोठे जात होता, राजा आणि विद्वान यांचा संबंध कशा प्रकारचा होता, हे दाखविणारा एवढा मोठा सार्वजनिक सोहळा त्या काळी दुसरा नसेल. तरी दरबाराला जसे तैलचित्र लाभले तसे याला लाभले नाही, लाभला तो एका तांबटाचा जलरंग. दक्षिणेच्या खर्चाचे हिशेब पेशवे दफ्तरात आहेत, अभ्यासकांनी ते चाळलेही आहेत. हिशेबाचे ते कागद आणि हे चित्र शेजारी शेजारी ठेवून पुण्यात कोणी एक प्रदर्शन मांडील, तर ते पाहावयास मी रांगेत उभा राहीन.