वारा अडवणारी गाडी

ढाणकीहून उमरखेडला येऊन नागपूर-तुळजापूर महामार्गाला लागलं की दुचाकीची खरी झुंज वाऱ्याशी असते. वेग ताशी ६० वरून ९० किलोमीटर झाला की हवेचा रोध सव्वादोन पट होतो आणि तो कापायला इंजिनाची ताकद जवळपास ३.४ पट लागते. म्हणून पुढची काच आणि फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं कवच, ही नुसती शोभा नाही. छातीवरचा वारा अडला की लांबच्या पल्ल्यात मान-खांदे शाबूत राहतात. २००३ ची करिझ्मा आणि नंतरची पल्सर २२० यांनी हे सुख सामान्यांच्या आवाक्यात आणलं. पुढे दोन्ही बंद पडल्या, २०२३ मध्ये दोन्ही परतल्या. करिझ्मा तर २१० सीसीचं नवं, पाण्यानं थंड होणारं इंजिन घेऊन.

‘आपल्या रस्त्यांना उंच ॲडव्हेंचर गाडीच बरी’ हा आक्षेप रास्त आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल टायर आणि मडगार्डच्या फटीत ठासून बसतो, तिथं उंच मडगार्डच कामी येतं. पण ताठ बसलेला स्वार जास्त वारा झेलतो आणि उंच सीटवरून पाय नीट टेकत नाहीत. रोजची धाव शेतरस्त्यावर असेल तर उंच गाडी घ्यावी. डांबरी रस्त्यावर असेल तर फेअरिंगवालीच, तीही ३५० सीसीच्या आत, कारण सप्टेंबर २०२५ पासून तिथवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यावर ४०. विजेवरच्या गाड्या आल्या तरी फेअरिंगची गरज संपत नाही, उलट वाढते: महामार्गावर बॅटरीचा मोठा वाटा वाराच खातो.